पान उघडेपर्यंत

2000 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या प्रोग्रामरांमध्ये एक युक्ती कानोकानी फिरत होती. कंपनीच्या एमएसडीएन लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयातलं पान उघडायला फार वेळ लावू लागलं की ब्राउझरच्या पट्टीत जायचं, पत्त्याच्या शेवटी '.एएसपीएक्स' असा जो तुकडा असे त्याच्या अलीकडे कंस करून 'लोबँड' असं लिहायचं आणि एंटर दाबायचं. मजकूर तोच यायचा, पण डावीकडचं विषयांचं अवाढव्य झाड, उघडमीट करणाऱ्या पट्ट्या, बाकीची सजावट सगळी गायब. पान झटकन समोर. लोबँड म्हणजे लो बँडविड्थ, अर्थात ज्यांचं इंटरनेट मंद आहे त्यांच्यासाठीची सोय. चांगलं इंटरनेट असलेल्यांनाही तीच आवडली.

2010 मध्ये कंपनीने हा चोरदरवाजा राजरोस उघडला. वाचकाला तीन रूपांतून एक निवडता येऊ लागलं: क्लासिक, लाइटवेट आणि स्क्रिप्टफ्री. एकच माहिती तीन वजनांत! जड रूप कुणाला हवं होतं, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला की नाही कोण जाणे.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या किंवा फुकट देणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्या सॉफ्टवेअरबद्दलची माहितीही द्यावी लागते. कोणती आज्ञा काय करते, कोणती चूक आली तर काय करायचं, मागच्या आवृत्तीत चालणारं आता का चालत नाही, ही सगळी. या माहितीला प्रोग्रामर 'डॉक्स' म्हणतात, डॉक्युमेंटेशनचं लाडकं लघुरूप. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली पुस्तिका काढली ती 3 नोव्हेंबर 1971 रोजी. नव्वदच्या दशकात हा मजकूर सीडींवर येऊ लागला. एमएसडीएनची सुरुवात 1992 ची, आणि पुढची कित्येक वर्षं कंपनीकडून येणाऱ्या सीडींचे गठ्ठे ऑफिसच्या कपाटात साचत राहिले. सीडी जुनी व्हायची, हरवायची, तिच्यावर चरे पडायचे. पण तिच्यातलं पान उघडायला समुद्र ओलांडावा लागत नसे.

डॉक्स वाचणारा माणूस वर्तमानपत्र वाचणाऱ्यासारखा निवांत नसतो. त्याचं काम मध्येच अडलेलं असतं. त्याला एका आज्ञेचं नेमकं स्पेलिंग हवं असतं, किंवा तिला दोन गोष्टी द्यायच्या की तीन एवढंच बघायचं असतं. पान उघडायचं, एक ओळ वाचायची, परत कामाला लागायचं. दिवसातून असं तीसचाळीस वेळा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 1993 च्या आपल्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या होत्या. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आलं तर ते तत्क्षणी आल्यासारखं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे लक्ष वळवतो. डॉक्सच्या वाचकाची खरी अडचण यातल्या मधल्या मर्यादेशी असते. पान चार सेकंदांनी उघडलं तर वाया जातात चारच सेकंद, पण डोक्यात जुळवून ठेवलेली गणितं तेवढ्यात विस्कटतात.

हा वेळ जातो कुठे? थोडा जातो निव्वळ अंतरात. मुंबईपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत, जिथे जगातली कितीतरी डेटा सेंटर दाटीवाटीने उभी आहेत, सरळ रेषेत साधारण 13,000 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन येऊन 130 मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात 200 च्या आसपास. पण एका फेरीत काम होत नाही. आधी जोडणीसाठी एक फेरी, मग ती सुरक्षित करण्यासाठी किमान एक, मग पान मागायला एक. सर्व्हरने डोळ्यांचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं तरी मुंबईतल्या माणसाला पहिलं अक्षर दिसेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ गेलेला असतो. यंत्र कितीही महाग घ्या, प्रकाशाचा वेग वाढत नाही.

त्यावरचा तोडगा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून आला. गणिताचे प्राध्यापक टॉम लायटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी 1998 मध्ये अकामाई ही कंपनी काढली. कल्पना साधी होती: पानांच्या प्रती जगभर वाचकांच्या जवळ ठेवायच्या आणि ज्याला जी जवळ असेल ती द्यायची. याला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, सीडीएन म्हणतात. ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट नावाच्या अशाच सेवेची ठाणी मुंबई आणि चेन्नईला 2013 मध्ये आली. ठाणं मुंबईतच असलं की तेराहजार किलोमीटरची फेरी शहरातल्या शहरात उरकते.

मात्र जवळ प्रत ठेवायची तर ती सगळ्यांसाठी सारखी असायला हवी. पान दर वेळी, दर वाचकासाठी नव्याने शिजत असेल, तर जवळच्या ठाण्यात ठेवणार काय? वेब शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी उघडलेल्या एमडीएन या साइटला हाच प्रश्न पंधरा वर्षं पुरला.

एमडीएन म्हणजे मोझिला या संस्थेचं, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्यांचं, वेब तंत्रज्ञानाबद्दलचं माहितीघर. 2005 मध्ये ते सुरू झालं. आधार होता नेटस्केपच्या डेव्हएज या जुन्या साइटवरच्या मजकुराचा. ते विकी होतं, म्हणजे विकिपीडियासारखं कुणीही खातं काढून पान सुधारावं असं. विकी चालवणारी प्रणाली दोनदा बदलली आणि 2012 मध्ये त्यांनी स्वतः लिहिलेली 'कुमा' आली. कुमा म्हणजे जपानीत अस्वल. नाव आपोआप सार्थ ठरलं म्हणायला हरकत नाही, कारण प्राणी ताकदवान पण अंगाने भारी.

कुमामध्ये पानाचा मजकूर डेटाबेसमध्ये असे आणि त्या मजकुरात जागोजागी मॅक्रो पेरलेले असत. मॅक्रो म्हणजे 'इथे अमुक यादी आणून लाव' अशी सूचना. समजा एखाद्या पानाच्या कडेला 'या विषयावरची इतर पानं' अशी यादी हवी आहे. लेखक ती हाताने लिहीत नसे, फक्त मॅक्रोचं नाव टाकत असे. पान तयार होताना ते मॅक्रो चालवणारा वेगळा प्रोग्राम जागा होई, डेटाबेसमध्ये धुंडाळे, यादी बनवून आणे. लिहिणाऱ्यासाठी ही चैन होती. पण एका पानात अशी अनेक मॅक्रो, आणि मॅक्रोच्या आत मॅक्रो. प्रत्येक वाचकासाठी हे करणं परवडणारं नव्हतं, म्हणून तयार झालेलं पान साठवून ठेवलं जाई. मग नवी कटकट: विषयात एक नवं पान वाढलं की शेकडो पानांच्या कडेची यादी शिळी. मग शिफ्टची कळ दाबून पान ताजं करायचं, म्हणजे मॅक्रो पुन्हा चालतील, हे नेहमीच्या लेखकांना पाठ झालं होतं. शिवाय वाचक लॉगिन केलेला आहे की नाही यावर पान बदले, कारण त्याला 'संपादन' हे बटण आणि स्वतःचं नाव दिसायला हवं. मूठभर लोक लिहिणारे, कोट्यवधी लोक नुसते वाचणारे, आणि त्या मुठीसाठी सगळी यंत्रणा सतत कंबर कसून उभी.

डागडुजी खूप झाली. साइट भाड्याच्या क्लाउडवर गेली, पुढे सीडीएन लागलं, 2019 मध्ये वाचायची साइट आणि लिहायची विकी असे दोन वेगळे पत्तेसुद्धा झाले. शेवटी ज्या मुद्द्यावर गाडी अडत होती तो त्यांनी उलटा केला. वाचक आल्यावर पान बनवायचं की वाचक येण्याआधी?

14 डिसेंबर 2020 रोजी कुमा निवृत्त झालं आणि 'यारी' आली. यारी म्हणजे जपानी भाला. आता डेटाबेस नाही. मजकुराच्या फाइली गिटहब या प्रोग्रामरांच्या सामायिक साठवणीवर सगळ्यांसमोर ठेवलेल्या. एक प्रोग्राम त्या फाइली वाचतो, मॅक्रो एकदाच चालवतो, इंग्रजीतली दहा हजारांहून जास्त पानं पूर्ण तयार करून साठवणीत टाकतो आणि तिथून ती सीडीएनच्या ठाण्यांवर जातात. वाचक पान मागतो तेव्हा विचार करायला काही शिल्लकच नसतं. फडताळातून पुडी काढून द्यावी तसं पान दिलं जातं. सणाच्या दिवशी गिऱ्हाईक आल्यावर पुरण वाटायला घेणाऱ्या दुकानाची कल्पना करा, म्हणजे आधी काय चाललं होतं ते ध्यानात येईल.

मायक्रोसॉफ्टही याच वाटेने गेलं, तेही चार वर्षं आधी. मे 2016 मध्ये कंपनीने नवी डॉक्स साइट उघडली. एमएसडीएनच्या खालचा कोड दहापंधरा वर्षं जुना झालाय आणि तो क्लाउडसाठी बनलेलाच नव्हता, अशी कबुली तेव्हा तिने जाहीरपणे दिली. मोठ्या कंपन्या इतकं सरळ क्वचित बोलतात. नव्या साइटवरचा मजकूर मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत, फाइली गिटहबवर, पानं आधीच तयार. ज्या वाचकांनी वर्षानुवर्षं पत्त्यात कंस घातले, त्यांना पुन्हा त्याची गरज पडली नाही.

तयार पान लवकर पोचतं म्हणजे ते लवकर दिसतंच असं नाही. याहूमध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह साउडर्स यांनी 2007 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की वाचकाच्या वाट पाहण्यातला ऐंशी ते नव्वद टक्के वेळ मूळ मजकूर आल्यानंतर जातो. चित्रं, फॉन्ट, सजावटीच्या फाइली आणि मुख्य म्हणजे जावास्क्रिप्टचे प्रोग्राम आणण्यात आणि चालवण्यात. वाचक किती वेळ थांबला हे मोजणारा एक प्रोग्राम, 'हे पान उपयोगी पडलं का' विचारणारा एक, कोपऱ्यात गप्पा मारायला टपलेला एक, जाहिरात विभागाने आणलेला एक. प्रत्येकाला वाटतं, आपला एकच तर आहे.

याचं सर्वांत उघडंवाघडं उदाहरण डॉक्सचं नव्हे, एका वर्तमानपत्राचं आहे. मे 2018 मध्ये युरोपात खासगी माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर कायदा लागू झाला. अमेरिकेतल्या यूएसए टुडेने कटकट नको म्हणून युरोपातल्या वाचकांसाठी पाळत ठेवणारे आणि जाहिरातींचे सगळे प्रोग्राम काढून टाकलेली वेगळी साइट दिली. एका डेव्हलपरने दोन्ही साइट मोजल्या. पानाचं वजन 5.2 एमबीवरून 500 केबीवर आलं होतं आणि पूर्ण उघडायचा वेळ 45 सेकंदांवरून 3 सेकंदांवर. बातम्या त्याच. वेग वाढवायचा म्हणून कुणी काही केलं नव्हतं, फक्त वकिलांची भीती बसली होती.

डॉक्सच्या साइट इतक्या लठ्ठ क्वचितच होतात, पण रोग तोच. ब्रिटिश सरकारच्या गव्ह.यूके या साइटने 2022 मध्ये जेक्वेरी हा जुना, एके काळी सगळ्यांनाच लागणारा प्रोग्रामसंच काढून टाकला. वजन किती? दाबून बसवल्यावर जेमतेम 32 केबी, एका साध्या फोटोपेक्षाही कमी. एवढ्यासाठी एवढा खटाटोप का, असं अनेकांनी विचारलं. पण चित्र नुसतं दाखवायचं असतं, प्रोग्राम वाचून, समजून, चालवावा लागतो, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर तिथे दमतो. जुन्या फोनवर आणि मंद जोडणीवर सरकारी माहिती वाचणाऱ्यांना त्याचा सर्वांत जास्त फायदा झाला.

शोधाचं काय, हा प्रश्न उरतो. पानं आधी बनवून ठेवता येतात, पण वाचक कोणता शब्द शोधेल ते आधी कळत नाही. काही साइट शोधाची सूची ब्राउझरलाच पाठवतात, काही ते काम पॅरिसमध्ये जन्मलेल्या अल्गोलियासारख्या कंपनीवर सोपवतात. वाचक बहुधा दोन्ही टाळून थेट गूगलवर जातो.

आता मोजमाप. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण साइट वेगवान करायला निघालेले बरेचसे लोक इथेच ठेच खातात. ऑफिसातल्या झकास लॅपटॉपवर, फायबरच्या जोडणीवर, आपल्याच शहरातल्या सर्व्हरवरून पान उघडून पाहायचं आणि 'माझ्याकडे तर पटकन उघडतं' म्हणायचं, ही जुनी खोड. त्यावर उतारा म्हणून सरासरी काढली, तरी सरासरी कशी फसवते हे यूट्यूबने अनुभवलंय.

2009 मध्ये तिथल्या ख्रिस झकारियस या अभियंत्याने व्हिडिओ दाखवायचं पान हलकं करायचं मनावर घेतलं. ते 1.2 एमबी झालं होतं. त्याने स्वतःला पैज घातली ती 100 केबीच्या आत बसवायची, आणि जवळजवळ सगळं नव्याने लिहून ते 98 केबीवर आणलं. प्रकल्पाचं नाव फेदर, म्हणजे पीस. थोड्या वाचकांवर प्रयोग सुरू झाला. आठवड्याने आकडे पाहिले तर पान उघडायचा सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. बारापट हलकं पान आणि जास्त वेळ! तो हात टेकायच्या बेतात होता. मग आकडे देशांनुसार वेगळे करून पाहिले. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अगदी सायबेरियातून येणारी वर्दळ अचानक फुगली होती. त्या भागांत जड पान उघडायला वीस मिनिटं लागली असती, त्यामुळे कुणी त्या फंदात पडतच नव्हतं. हलकं पान दोन मिनिटांत उघडत होतं. दोन मिनिटं भयंकरच, पण व्हिडिओ दिसत होता. हे लोक आधी आकडेवारीत नव्हतेच, कारण ते पोचलेच नव्हते. ते आले आणि त्यांची दोन-दोन मिनिटं सरासरीत मिसळली.

म्हणून आता जाणकार सरासरी बाजूला ठेवतात. गूगलने 2020 मध्ये कोअर वेब व्हायटल्स नावाची मापं जाहीर केली, त्यात शंभर भेटींपैकी पंचाहत्तर भेटी कशा गेल्या ते पाहतात. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. कळ दाबल्यावर पान 200 मिलिसेकंदांत हललं पाहिजे. हे माप मार्च 2024 पासून आलं. तिसरं माप मजकूर किती उड्या मारतो याचं. वाचायला लागावं आणि वरून एखादी पट्टी टपकून ओळ खाली सरकावी, हा छळ सगळ्यांच्या परिचयाचा आहे.

या तिसऱ्या मापाशी देवनागरीचं खास नातं आहे. युनिकोडच्या सर्वांत प्रचलित साठवणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, पाय मोडण्याच्या खुणेलाही तीन. 'स्क्रिप्ट' हा शब्द सत्तावीस बाइट खातो. हे फार मनावर घ्यायचं कारण नाही, कारण पाठवताना मजकूर दाबून बारीक केला जातो आणि पुन्हापुन्हा येणारे बाइट त्यात सहज विरघळतात. फॉन्टचं तसं नाही. इंग्रजीचं काम शेदोनशे आकृत्यांत भागतं. देवनागरीला जोडाक्षरांसाठी शेकड्यांनी आकृत्या लागतात. फॉन्टची फाइल त्यामुळे जड होते, उशिरा पोचते, आणि ती आल्यावर आधी फोनच्या स्वतःच्या अक्षरांत मांडलेल्या ओळी नव्या मापाने पुन्हा मांडल्या जातात. मराठी साइटवर बोट ठेवलेला परिच्छेद नजरेसमोरून निसटतो तो बरेचदा यामुळे. फोनमध्ये आधीपासून असलेला फॉन्ट वापरला तर हा सगळा प्रवासच वाचतो, पण कलाविभागाला ते सहसा पसंत पडत नाही.

इतकं सगळं करूनही एमडीएनचं काम संपलं नव्हतं. यारीची पानं आधी तयार होत होती खरी, पण त्यांच्यासोबत रिॲक्ट या चौकटीत लिहिलेलं एक अख्खं ॲप ब्राउझरकडे जात होतं आणि जवळजवळ स्थिर असलेलं पान तिथे पुन्हा जिवंत करत होतं. 2025 मध्ये ही पुढची बाजूही नव्याने लिहिली गेली.

आणि वाचकाच्या वाट्याची प्रतीक्षा कमी झाली ती थोडी लेखकाच्या वाट्याला गेली. विकीवर चुकलेला शब्द दिसला की 'संपादन' दाबून दुरुस्त करून मोकळं होता येई. आता गिटहबवर खातं लागतं, फाइल शोधावी लागते, बदल पाठवून कुणी तपासेपर्यंत थांबावं लागतं, आणि मंजुरीनंतरही सगळी पानं पुन्हा तयार होतील तेव्हा तो साइटवर दिसतो. प्रोग्रामरांना हे सवयीचं आहे. भाषांतर करणाऱ्या हौशी माणसाला सवयीचं असेलच असं नाही. जुन्या विकीवर हिंदी आणि बंगाली पानंही होती, थोडी, अर्धवट, काही मजकूर इंग्रजीतच राहिलेली. ती सांभाळणारे हात मोजकेच होते. नव्या घरात सामान हलवताना ज्या भाषांना राबता माणूस उरला नव्हता त्या मागे ठेवण्यात आल्या. आज एमडीएनच्या भाषांच्या यादीत जपानी, कोरियन, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, ब्राझीलची पोर्तुगीज, दोन प्रकारची चिनी आणि जर्मन आहे. भारतीय भाषा एकही नाही. यादी मात्र क्षणात उघडते.